अजिंठ्यातून रंग काढून टाकला तर काय दिसतं?

चीनच्या सिचुआन प्रांतात लारुंग गार नावाची तिबेटी बौद्ध वसाहत आहे. 1980 साली सुरू झालेली. डोंगरउतारावर भिक्षू आणि भिक्षुणींची लाल लाकडी घरं एकमेकांना इतकी खेटून उभी आहेत की मध्ये वाट आहे की नाही असा प्रश्न पडतो. तिचे रंगीत फोटो बघितले की डोळ्यांत फक्त लाल रंग भरतो. तेच कृष्णधवल फोटोत बघा. छपरं, जिने, खिडक्या, गर्दी, म्हणजे तिथं माणसं राहतात कशी, ते दिसायला लागतं. 2016 पासून चिनी प्रशासनाने तिथली बरीच घरं पाडली. त्यामुळे आधीचे फोटो आता पुरावा झालेत.

आता तुम्ही म्हणाल, याचा अकोला-अमरावतीशी काय संबंध? तर डोंगरात दाटीवाटीने वसलेली बौद्ध वस्ती आपल्या शेजारीही आहे, अजिंठ्याला. आणि तिचेही कृष्णधवल फोटो आहेत, दीडशे वर्षांहून जुने.

अजिंठा आपला कसा, ते आधी सांगतो. तिथली बहुतेक लेणी पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात कोरली गेली. हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम, जे 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. 16 नंबरचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, तसा शिलालेखच तिथे आहे.

फोटो काढले रॉबर्ट गिलने. गिल म्हटलं की लोकांना पारो आठवते, ना. धों. महानोरांची कविता आणि 2012 चा ‘अजिंठा’ सिनेमा आठवतो. ती प्रेमकथा इथे बाजूला ठेवू, कारण तिच्या गर्दीत त्याचा कॅमेरा हरवून जातो. मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं खपून त्याने मोठमोठी रंगीत चित्रं केली आणि ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली. चित्रं जळाली, मोजकीच वाचली.

पण तोपर्यंत त्याच्या हाती कॅमेरा आला होता. 1864 मध्ये त्याचे 74 फोटो आणि जेम्स फर्ग्युसनचा मजकूर असं लेण्यांवरचं पुस्तक लंडनला छापून झालं होतं.

त्या काळचा फोटो म्हणजे मोठा खटाटोप. काचेवर कोलोडियन नावाचं रसायन पसरायचं, ती काच चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायचा. काच वाळली की काम बिघडलं. खानदेश-वऱ्हाडाच्या उन्हात हे करून बघा! शिवाय या काचेला लाल आणि पिवळा रंग जवळपास दिसतच नसे. ते काळपट यायचे आणि निळा मात्र पांढरट. अजिंठ्याची चित्रं तर गेरू आणि पिवळ्या मातीने भरलेली, त्यात लेण्यात अंधार. म्हणजे ज्या चित्रांसाठी गिलला पाठवलं, तीच त्याच्या कॅमेऱ्याला नीट पकडता येईनात.

माझ्या मते यातच आपला फायदा झाला. अजिंठा म्हणजे पद्मपाणी, हे समीकरण रंगीत फोटोंनी आपल्या डोक्यात इतकं पक्कं केलंय की ही राहण्याची जागा होती हे आपण विसरतो. कृष्णधवल फोटोत खांब, ओसऱ्या, दारं, कड्याला लागून कड्यात घुसलेली लेणी दिसतात. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर सुमारे 30 लेणी आहेत. त्यातली 5 चैत्यगृहं, म्हणजे प्रार्थनेच्या जागा, आणि बाकीचे विहार. 12 नंबरच्या लेण्यात तीन बाजूंना चार-चार खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे, झोपायला. चक्क हॉस्टेल! आज आपण ज्या सलग वाटेने फिरतो ती अलीकडची. तेव्हा लेण्यांमधून नदीपर्यंत आपापल्या पायऱ्या उतरत होत्या.

गिलने जोडफोटोही काढले, म्हणजे दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो शेजारी-शेजारी. खास चष्म्यातून बघितले की खोली जाणवते. लेण्यांसाठी याहून योग्य तंत्र तेव्हा नव्हतं.

आणि पुराव्याचं म्हणाल तर पहिल्या लेण्याचंच बघा. त्याच्या दर्शनी भागापुढे दोन खांबांचा मंडप होता. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंमध्ये तो दिसतो, आज जागेवर नाही. बाकी बऱ्याच लेण्यांच्या ओसरीचे खांबही नंतर नव्याने बसवलेले आहेत. मूळ कोणते आणि नवे कोणते, हे ठरवताना हे जुने फोटोच कामी येतात.

गिल 1879 मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. अकोल्याहून अजिंठ्याला रेल्वेने निघालात तर भुसावळ वाटेतच लागतं. लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि सोमवारी लेणी बंद असतात. फोटो काढायचाच असेल तर आधी समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला जा, मोबाइल कृष्णधवलवर टाका आणि पूर्ण वळण एका चौकटीत घ्या.