काळावर उडी मारणारी मुलगी

चित्रपट : ‘तोकी ओ काकेरु शोजो’, जपान, जुलै २००६. दिग्दर्शक मामोरु होसोदा, पटकथा सातोको ओकुदेरा, निर्मिती मॅडहाउस स्टुडिओ. लांबी सुमारे ९८ मिनिटे.

मूळ : यासुताका त्सुत्सुई यांची १९६०च्या दशकातली विज्ञान-कादंबरी. अ‍ॅनिमेशनपट मात्र तिचे सरळ रूपांतर नाही. कादंबरीची नायिका काझुको योशियामा इथे प्रौढ मावशी होऊन येते. संग्रहालयात जुन्या चित्रांची दुरुस्ती करते. कथेची सूत्रे तिच्या भाचीकडे, शाळकरी माकोतो कोन्नोकडे जातात.

कालप्रवास कसा? यंत्र नाही, वाहन नाही. माकोतो धावत येऊन अक्षरशः उडी मारते आणि भूतकाळात जाऊन पडते. ही किमया ती आधी किरकोळ कामांसाठी खर्चते : बहिणीने फस्त केलेले पुडिंग, बिघडलेली चाचणी परीक्षा, कराओकेचे वाढीव तास. उड्या मोजक्याच आहेत. किती उरल्या, ते दंडावर उमटलेला आकडा सांगतो.

गौरव : जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा पहिलावहिला पुरस्कार, २००७.

इतर अवतार : नोबुहिको ओबायाशी यांचा १९८३चा चित्रपट गाजला. २०१०च्या चित्रपटातली नायिका रीइसा नाका; माकोतोचा आवाजही तिचाच.