रासायनिक सूत्र पुरेसे नाही

ग्रीनलंडमधल्या नार्सार्सुकच्या कार्बोनेट स्फटिकांवर क्ष-किरण टाकून गॅब्रिएल डोने यांनी 1953 मध्ये रॉन्टगेनाइट हे नवे खनिज जाहीर केले. त्यात सेरिअम, कॅल्शिअम, फ्लोरिन आणि कार्बोनेट आहे. पण हेच घटक पॅरिसाइट आणि सिंकिसाइट या आधीच ज्ञात खनिजांतही आहेत. किंबहुना ही दोन्ही समप्रमाणात मिसळली, तर रासायनिक पृथक्करणात अगदी रॉन्टगेनाइटचेच सूत्र निघते. मग ते निव्वळ मिश्रण कशावरून नाही? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर रसायनात नाही, रचनेत आहे. या कुळातले स्फटिक विटांच्या थरांसारखे रचलेले असतात. बास्टनेसाइट या याच कुळातल्या खनिजाच्या एका थराला सिंकिसाइटचा एक थर जोडला की पॅरिसाइट, दोन जोडले की रॉन्टगेनाइट. हा क्रम न चुकता पुन:पुन्हा येत असेल, तरच क्ष-किरणांच्या छायाचित्रात त्याचे स्वतंत्र, रेखीव ठिपके उमटतात. थर अस्ताव्यस्त असतील, तर वेगळे नाव देण्याला आधार उरत नाही.

रसायन बिनकामाचे आहे, असा याचा अर्थ नव्हे. रचना तीच असली, तरी सेरिअमऐवजी लँथनमचे प्रमाण सर्वाधिक भरले, तर खनिजाची प्रजाती बदलते; 1966 मध्ये लेव्हिन्सन यांनी सुचवल्याप्रमाणे वरचढ मूलद्रव्याची खूण नावापुढे लावतात. काहींना हा काथ्याकूट वाटतो, कारण ही मूलद्रव्ये एकमेकांची जागा सहज घेतात. पण त्यांचे प्रमाण खनिज कोणत्या द्रवातून घडले याचा माग देते, म्हणून हा भेद मला आवश्यक वाटतो.