ऑप्टिमायझरचा अंदाज आणि तालुक्याचं गणित
(डेटाबेसच्या अंतरंगात : लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण बी-प्लस ट्री इंडेक्स कसा बांधला जातो ते पाहिलं. इंडेक्स केला म्हणजे क्वेरी झपाट्याने चालणारच, असं विद्यार्थी धरून चालतात. पण इंडेक्स असला तरी तो वापरायचा की नाही, हे डेटाबेस त्या त्या वेळी ठरवतो. ठरवण्याचं काम ज्या भागाकडे असतं तो ऑप्टिमायझर. विद्यापीठात अ‍ॅडव्हान्स्ड डेटाबेस शिकणाऱ्यांनी सर्वांत जास्त वेळ कुठे घालवावा असं मला विचाराल, तर मी याच भागाकडे बोट दाखवेन.

एसक्यूएलमध्ये काय हवं ते आपण सांगतो, कसं शोधायचं ते सांगत नाही. ते ‘कसं’ ठरवणं फार अवघड आहे. दहा टेबलं एकमेकांना जोडायची असतील, तर ती एकामागून एक घेण्याचे नुसते क्रमच ३६,२८,८०० होतात. १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पात यावर वाट काढली : टेबलांच्या छोट्या गटांसाठी सर्वांत कमी खर्चाचा क्रम काढून ठेवायचा आणि मोठ्या गटाचा बेत त्याच्यावर रचायचा. दहा टेबलांचे असे गट होतात १,०२३. लाखोंचं काम हजारावर आलं. पोस्टग्रेस आजही मुळात याच पद्धतीने चालतो.

आता खर्च मोजायचा तर प्रत्येक टप्प्यावर किती ओळी हाती येतील ते आधी कळायला हवं, आणि ते क्वेरी चालवल्याशिवाय नक्की कळत नाही. म्हणून अंदाज बांधावा लागतो. सेलिंजर यांच्या निबंधातले ठोकताळे आज वाचताना गंमत वाटते. रकाना अमुक किमतीइतका हवा अशी अट असेल आणि इंडेक्स नसेल, तर एक दशांश ओळी धरायच्या. दोन अटी ‘आणि’ने जोडल्या असतील, तर दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करायचा. दोन रकान्यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे यात गृहीत धरलं आहे, असंही लेखकांनी तिथेच नोंदवून ठेवलं होतं.

हे गृहीतक कुठे फसतं ते आपल्या ओळखीच्या माहितीवर पाहू. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत. समजा, जमिनींच्या नोंदींचं एक टेबल आहे आणि सोयीसाठी प्रत्येक तालुक्याच्या १ लाख ओळी आहेत. म्हणजे एकूण ३ कोटी ५८ लाख. आपण विचारतो : जिल्हा पुणे आणि तालुका जुन्नर. खरं उत्तर १ लाख ओळी. ऑप्टिमायझर मात्र असा हिशेब करतो : पुणे जिल्ह्यात १४ तालुके, म्हणून पहिलं प्रमाण १४ भागिले ३५८, जुन्नर एकच, म्हणून दुसरं १ भागिले ३५८. दोन्हींचा गुणाकार केला की येतात जेमतेम ३,९०० ओळी. तालुका जुन्नर म्हटल्यावर जिल्हा पुणेच असणार, हे त्याच्या गावीही नसतं. पंचवीसपट चूक!

चूक तिथेच थांबत नाही. याच ओळी दुसऱ्या एखाद्या टेबलाशी जोडायच्या असतील, तर ३,९०० ओळीच यायच्या आहेत असं वाटल्यामुळे ऑप्टिमायझर नेस्टेड लूप निवडतो. प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलाच्या इंडेक्समध्ये जाऊन शोधायचं, अशी ही पद्धत. प्रत्यक्षात तसं लाख वेळा जावं लागतं. दुसरं टेबल एकदाच वाचून हॅश जॉइन केला असता, तर काम कितीतरी लवकर उरकलं असतं.

पोस्टग्रेसमध्ये यावर उपाय आहे. २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा देऊन दोन रकान्यांचं परस्परावलंबन नोंदवायला सांगता येतं. आज्ञा दिल्यावर अ‍ॅनालाइज चालवावं लागतं, तेव्हाच ते मोजलं जातं. मोजमाप शून्य ते एक या पट्टीवर होतं, आणि ते योग्यच आहे. कारण खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे तसा रत्नागिरीतही आहे, कर्जत रायगडात आहे तसा अहिल्यानगरमध्येही. तालुक्याच्या नावावरून जिल्हा बहुतेकदा ठरतो, नेहमी नाही.

हीच ती फंक्शनल डिपेंडन्सी. पदवीच्या वर्गात नॉर्मल फॉर्मच्या प्रश्नासाठी आपण ती घोकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. ऑप्टिमायझरच्या धड्यात ती पुन्हा भेटते आणि तिथे तिच्यावर क्वेरीचा वेग अवलंबून असतो. मला खरी हळहळ वाटते ती इथे. अनेक ठिकाणी डेटाबेसचा पेपर वेगळा, डेटा अ‍ॅनालिसिसचा वेगळा. एका तासाला पायथॉनमध्ये नमुना घेणं, हिस्टोग्राम काढणं, सहसंबंध तपासणं शिकवतात. दुसऱ्या तासाला ज्या डेटाबेसवर काम चालतं, तो स्वतः हेच करत असतो. मूळ सेटिंग बदललं नसेल, तर पोस्टग्रेस टेबलातल्या सुमारे ३०,००० ओळींचा नमुना घेतो आणि प्रत्येक रकान्यातल्या वारंवार येणाऱ्या किमती व हिस्टोग्राम साठवून ठेवतो. हे दोन पेपर जोडून शिकवले, तर दोन्ही विषय पक्के होतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ओळींच्या अचूक अंदाजाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि म्युनिक व अ‍ॅमस्टरडॅममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आयएमडीबीच्या चित्रपटविषयक खऱ्या माहितीवर ११३ क्वेरी चालवून पाहिल्या. नामांकित डेटाबेसचे अंदाजही जॉइन वाढत गेले तसे हजारपटींपर्यंत चुकत होते. प्रचलित चाचण्यांत हे लपून राहत होतं, कारण त्यांची माहिती कृत्रिम आणि एकसारखी पसरलेली असते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जयंत हरित्सा यांच्या गटाने २०१४ मध्ये वेगळीच दिशा धरली : अंदाजावर विसंबायचंच नाही. काही निवडक प्लॅन ठरावीक खर्चाच्या मर्यादेत एकेक करून चालवायचे आणि मर्यादा संपली की पुढचा घ्यायचा. काही काम वाया जातं, पण ते किती वाया जाईल याची कमाल मर्यादा सिद्ध करता येते.

वाचायला सुरुवात करायची तर सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि पवईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन यांच्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’मधलं क्वेरी ऑप्टिमायझेशनचं प्रकरण घ्या. जोडीला कार्नेगी मेलन विद्यापीठातले अँडी पाव्हलो यांची व्याख्यानं यूट्यूबवर मोफत आहेत.

आणि या आठवड्यात एक करा. तुमच्या प्रोजेक्टमधली सर्वांत संथ क्वेरी घ्या, तिच्या आधी एक्सप्लेन अ‍ॅनालाइज लिहा आणि चालवा. प्रत्येक टप्प्यासमोर अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी असे दोन आकडे दिसतील. तळापासून वर वाचत जा. जिथे ते पहिल्यांदा दहापटीहून जास्त फारकत घेतील, तिथली अट कागदावर लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात रकान्यांनुसार साठवण करणारे डेटाबेस पाहायचे आहेत, तेव्हा ती अट आपल्याला लागणार आहे.