ग्रामसभेतील मौन

गोदाकाठचे पुणतांबा हे गाव चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित होते. २०१७ साली त्याला दुसरी ओळख मिळाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये येथील ग्रामसभेत शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव झाला आणि १ जूनपासून दूध व भाजीपाला शहरांकडे न पाठविण्याचे आंदोलन राज्याच्या अनेक भागांत पसरले. संपाच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली. ग्रामसभेसारखी सभा चालवायची कशी, हा प्रश्न मात्र उपेक्षितच राहिला.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेचे अध्यक्षपद सरपंचाकडे दिले आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने या सभेला घटनात्मक स्थान दिले. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. आरक्षणाच्या फेरपालटामुळे अनेक गावांत अध्यक्षस्थानी येणारी व्यक्ती पूर्णतः नवखी असते. अधिकार कायद्याने मिळतो. सभा चालविण्याचे कसब मात्र सभेतच शिकावे लागते.

नवख्या अध्यक्षाला सर्वांत मोठे भय वाटते ते गोंगाटाचे. मग एक तर तो बोलणाऱ्यांना दटावून विषय उरकतो, नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती सभा सोपवून मोकळा होतो. दोहोंचा परिणाम एकच: अल्पभूधारक, शेतमजूर, मागच्या ओळीतल्या स्त्रिया मुकाट बसतात आणि पुढच्या सभेला येतच नाहीत. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये हेच सूत्र मांडले होते. संस्थेविषयी असमाधान असलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात: बोलून दाद मागणे किंवा बाहेर पडणे. पहिली वाट बंद झाली की तो दुसरी धरतो. बाजाराकडे पाठ फिरविणारा शेतकरी आणि सभेकडे पाठ फिरविणारा ग्रामस्थ यांच्यात या दृष्टीने फारसे अंतर नाही. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राचा अर्थ ज्ञानदेवांच्या भावंडांनी लावला, अशी आख्यायिका आहे. समोरच्या मौनाचा अर्थ लावणे हे अध्यक्षाचेही काम आहे.

त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, शिस्त लागते. विषयपत्रिका आधी गावाला कळलेली असावी आणि एका वेळी एकच विषय चर्चेला घ्यावा. बोलण्याची मुदत सर्वांना सारखीच असावी. ती प्रथम आपल्या गटाच्या माणसाला लागू करावी, म्हणजे विरोधकाला पक्षपाताची शंका राहत नाही. जो अद्याप बोललेला नाही त्याला आधी संधी द्यावी. टीका कारभारावर चालेल. घराण्यावर, जातीवर गेली की तेथेच थांबवावी. अध्यक्षाने स्वतःचे मत शेवटी सांगावे, कारण ते प्रारंभीच आले की निम्मी सभा संपल्यासारखी होते. वातावरण तापले तर सभा थोडा वेळ तहकूब करण्यात कमीपणा नाही. विरोधी मताची नोंद इतिवृत्तात व्हावी आणि ती तेथेच वाचून दाखवावी. स्त्रियांच्या स्वतंत्र सभेची तरतूद कायद्यात आहे. तिच्यातील म्हणणे मुख्य सभेपुढे प्रथम ठेवावे.

यात वेळ जातो, हा आक्षेप खराच आहे. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढी डोकी मोजून तासाभरात ठराव संमत करणे सहज शक्य असते. परंतु असा वाचविलेला वेळ पुढे व्याजासह फेडावा लागतो. २०१७ च्या संपातही ३ जूनच्या पहाटे मुंबईत मोजक्या प्रतिनिधींनी मुख्यमंत्र्यांशी बोलणी करून संप मागे घेतल्याचे जाहीर केले. इतर अनेक शेतकऱ्यांनी ती तडजोड मानली नाही. आंदोलन चालू राहिले आणि ११ जून रोजी शासनाला कर्जमाफी तत्त्वतः मान्य करावी लागली. तडजोड बरी की वाईट, हा प्रश्न वेगळा. ज्यांचे ऐकून घेतले गेले नाही, ते निर्णयाने बांधले जात नाहीत, एवढे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

ग्रामसभा एकमताने संपली पाहिजे, असा हट्ट म्हणूनच नव्या सरपंचाने धरू नये. ठरावाविरुद्ध हात वर करणारा ग्रामस्थ पुढच्या सभेलाही येतो, तेव्हा त्याचे अध्यक्षपद सफल झाले असे समजावे.