गुठळ्या मोडण्याचं काम

सकाळी ८.१५
लॅबमध्ये शिरल्यावर चहाच्या आधी स्टॅबिलिटी चेंबर. आत ४० अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रता. नवं सनस्क्रीन बाजारात जाण्याआधी तीन महिने इथे शिजतं. आज एका नमुन्यावर तेलाची पातळ कड आली आहे. काचेची कांडी तळाशी नेली की जड लागतं: झिंक ऑक्साइड खाली बसलंय. त्याची घनता पाण्याच्या साडेपाचपट, त्यामुळे इमल्शन जरा सैल पडलं की ते तळ गाठतं. अशा बाटलीतलं वरचं लावणारा उन्हात भाजणार आणि तळचं लावणाऱ्याचं तोंड चुना फासल्यासारखं दिसणार. फॉर्म्युला बाद.

८.४५
वजनकाटा. "मामा, मास्क नाकावर घ्या."
"घेतो हो मॅडम, पण चष्म्यावर वाफ धरते."
मामा अंबरनाथच्या एमआयडीसीत माझ्या कितीतरी आधीपासून आहेत, तरी हे रोज सांगावं लागतं. क्रीममधून कातडीवर बसलेलं टायटॅनियम डायऑक्साइड वेगळं आणि श्वासातून आत गेलेली त्याची धूळ वेगळी. ही धूळ माणसात कर्करोगाला कारण ठरू शकते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली ठरवलं. फुप्फुसात जाईल अशा स्प्रेमध्ये झिंक आणि टायटॅनियम या दोन्ही पावडरींची नॅनो रूपं युरोपात चालत नाहीत, तेही याच काळजीपोटी.

नव्या ड्रमची तपासणी माझी. कागदपत्रं बघतेच, पण आधी चिमूटभर पावडर पाण्याच्या बीकरवर भुरभुरते. तेलाशी जमणारं कोटिंग नीट असेल तर ती तरंगत राहते, ढवळलं तरी भिजत नाही. भिजून ढगासारखी खाली उतरली तर ड्रम परत. कोटिंगशिवाय टायटॅनियम डायऑक्साइडवर ऊन पडलं की ऑक्सिजनचे आक्रमक कण सुटतात आणि शेजारच्या घटकांना कुरतडतात. म्हणून कणावर अॅल्युमिना, सिलिका किंवा सिलिकॉनचं पांघरूण हवंच.

९.३०
आता खरं काम. या पावडरीचा मूळ कण काही दशांश नव्हे, काही शतांश मायक्रॉनच्या हिशेबातला, पण तो एकटा राहत नाही. कण एकमेकांना चिकटून मोठाल्या गुठळ्या करतात. गुठळ्या राहिल्या की दोन्हीकडून नुकसान: चेहरा पांढरा पडतो आणि गुठळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून अतिनील किरण खुशाल आत जातात. वीस टक्के झिंक असलेली दोन क्रीमं संरक्षणात जमीन-अस्मानाइतकी वेगळी निघू शकतात, ती एवढ्यावरून. लेबलावरची टक्केवारी वाचून क्रीम निवडणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

तेलात पावडर थोडी थोडी सोडायची, भिजू द्यायची, मग ट्रिपल रोल मिलमधून काढायची. पेस्ट उतरली की हेगमन गेज. पोलादी ठोकळ्यावर उतरत्या खोलीची खाच असते. खोल टोकाला थेंब ठेवून पात्याने ओढायचा आणि दिव्याखाली तिरकं बघायचं. जिथे रवाळ ठिपके दिसू लागतात, तिथला आकडा म्हणजे सर्वांत मोठ्या गुठळ्यांचा आकार. आजच्या ओढीत मधेच एक चरा उठला. पेस्ट पुन्हा मिलमध्ये.

११.३०
क्लायंटचा फोन. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ च्या प्रस्तावात सोळा फिल्टरांपैकी फक्त झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोनच सुरक्षित आणि परिणामकारक धरले, तेव्हापासून सगळ्यांना 'मिनरल'च हवं. यांना लेबलावर लिहायचंय: 'ऊन आरशासारखं परतवतं'. मी नाही म्हणते. ही पावडर अतिनील किरणांचा जेमतेम चार-पाच टक्के भाग परतवते. बाकीचं काम शोषण्याचं, आणि ते करणारे हे दोन्ही अर्धवाहक पदार्थ आहेत. झिंक ऑक्साइड साधारण ३८० नॅनोमीटरच्या खालचे किरण गिळतं. परत पाठवतं ते मुख्यतः दिसणारा उजेड, आणि आपल्याला नको असलेला पांढरा थर तोच.

मग दुसरी मागणी: "व्हिटॅमिन सी पण घाला ना." त्याला आम्ल लागतं आणि आम्लात झिंक ऑक्साइड विरघळतं. दोन बाटल्या विका, म्हटलं.

१.००
डबा. आमची ट्रेनी रत्नागिरीची. तिथल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियम एकत्र. लोह काढून टाकलं की उरतं ते आपल्या ड्रममधलं पांढरंशुभ्र. केरळात चवऱ्याला हा उद्योगच आहे. तिला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं ती वाळू घाण आहे.

२.००
पाण्याचा फेज. ट्रेनीने कार्बोमर काढून ठेवलंय. झिंकचे आयन त्यात शिरले की घट्ट जेलचं पाणी होतं, म्हणून झँथन गम.

३.००
रंग. रुटाइल टायटॅनियमचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास, झिंकचा २. त्यामुळे टायटॅनियम जास्त पांढरं दिसतं. पण यूव्हीबी अडवण्यात ते सरस आणि लांब यूव्हीएसाठी झिंक, म्हणून दोघांना एकत्र नांदवावं लागतं. पांढरेपणावर उतारा आयर्न ऑक्साइडचा: पिवळा, लाल, काळा. फायदा नुसता दिसण्याचा नाही. दिसणाऱ्या उजेडातला निळा भागही हे रंग अडवतात, आणि वांग असलेल्यांना त्याचाच त्रास होतो. बिनरंगी क्रीम, मिनरल असो वा दुसरं, तिथे कमी पडतं.

शेड बघायला मामांचा, ट्रेनीचा आणि माझा हात. परदेशी नमुन्यांत 'मीडियम' लिहिलेलं मामांच्या हातावर राखेसारखं दिसलं. काळा किंचित कमी, लाल वाढवला.

४.३०
खरबरीत अॅक्रिलिकच्या पट्टीवर मोजून क्रीम लावायचं, बोटाने पसरवायचं, सुकू द्यायचं, मग मशीन. क्रिटिकल वेव्हलेंग्थ ३७० नॅनोमीटरला पोहोचली तर यूव्हीएची बाजू भक्कम. आज ती पार झाली. एसपीएफचा छापायचा आकडा मात्र बाहेरच्या लॅबमध्ये माणसांच्या पाठीवर ठरतो, तिथे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात. घरी कुणी एवढं लावत नाही.

दोन खनिजांवर, पंचवीस टक्क्यांच्या मर्यादेत राहून, पातळ आणि पारदर्शक 'एसपीएफ ५०' दिसलं की मी मागची यादी वाचते. बरेचदा तिथे ब्युटिलऑक्टिल सॅलिसिलेट सापडतं. ते अतिनील किरण शोषणाऱ्या रसायनांचंच भावंड आहे, पण फिल्टर म्हणून नोंदलेलं नसल्याने 'शंभर टक्के मिनरल' लिहायला मोकळीक. बेकायदेशीर नाही. मला पटतही नाही.

५.४५
होमोजिनायझर धुणं. सायट्रिक आम्लाच्या पाण्याने झिंक निघून जातं, टायटॅनियम ढिम्म हलत नाही. ब्रश, साबण, पुन्हा ब्रश. मामा उजेडात धरून बघतात आणि मगच लॉगबुकवर सही करतात.