गळ किती खोल सोडायचा?

तलावावर नवा गळकरी आधी आमिषाचं विचारतो. मुरलेला विचारतो, गळ किती खोल सोडायचा. त्याचं उत्तर माशाच्या तोंडात असतं. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून शेजारच्याला मासा लागला, की त्याच्या आमिषापेक्षा त्याची दोरी किती खोल गेली आहे ते आधी विचारावं. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

मुंबईत हे शिकायची जुनी जागा म्हणजे पवई. तलाव 1891 साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. आज महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन त्याच्याच काठावर आहे. पाण्यात मगरी आहेत, तेव्हा पाय काठावरच.

खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, लागला तर मात्र सोडून द्याच. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकलेला असावा. मासा पाण्यातच सरळ धरा. तो स्वतःहून निसटेपर्यंत घाई नको.