मायलोमा : हाडांची औषधे आणि तपासण्या

आजार : मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. यात हाडांची झीज वाढते, भरणी मंदावते.

- झोलेड्रोनिक ॲसिड : नेहमीचा डोस ४ मिलिग्रॅम, शिरेतून, किमान १५ मिनिटांत. प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिनची तपासणी.
- डेनोसुमॅब : १२० मिलिग्रॅम, दर ४ आठवड्यांनी त्वचेखाली. अमेरिकेत मायलोमासाठी मान्यता २०१८ मध्ये. मूत्रपिंडावर भार नाही. कॅल्शियम घटण्याचा धोका जास्त.
- रक्त : कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व.
- दात : उपचारापूर्वी दंततपासणी. जबड्याचे उघडे हाड ८ आठवड्यांहून अधिक काळ न भरणे, हे ऑस्टिओनेक्रोसिसचे लक्षण.
- मांडी, जांघ : नवे दुखणे असल्यास एक्स-रे.
- फरक : डेक्सा हाडांची घनता मोजते, मायलोमाने पडलेल्या पोकळ्या सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसतात.